रुक्माआत्याची तार

मांडणीतली पळी आपोआप घसरली आणि खालच्या ताटावर ठणकन वाजली. मी होते तिथेच थांबले. माझ्या लेकीनं, उत्तरानं, कूस बदलली, ओठ चाटले आणि पुन्हा झोपली. आतल्या खोलीत रुक्माआत्या भिंतीकडे तोंड करून पडली आहे. ती जागी आहे, हे तिच्या पाठीवरूनच कळतं. पण ती उठली नाही.

बोरिवलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये दुपारी नळ गेले की सगळं सामसूम होतं. उत्तरा उठेपर्यंतचा हा वेळ माझा. बाबा गेल्यापासून या वेळात मी नुसती बसून असते. रडायला बसते म्हटलं तरी चालेल, कारण सगळे त्याचीच वाट पाहताहेत. आमचे हे मुद्दाम उत्तराला खाली फिरवून आणतात. शेजारच्या रत्नप्रभाबाई माझ्यासमोर बसून स्वतःचे डोळे पुसतात आणि मग माझ्याकडे बघतात, आता तुमची पाळी, अशा नजरेनं. मला रडू येत नाही. बाबांना आठवायला गेलं की बाबा येतच नाहीत, नदी येते. म्हणून म्हटलं, आज नदीचंच लिहावं. तिच्यामागून काय येतं ते बघू.

नदी किएवची. मी तिथं शिकायला होते, आणि काय शिकायला, तर पाव करायला. अन्नतंत्रज्ञान असं भारदस्त नाव होतं त्याला, पण साकीनाक्याच्या आमच्या चाळीत ते कुणालाच पटलं नाही. "पाव भाजूक रशियात? आमच्या नाक्यावरच्या बेकरीवाल्यान काय पाप केल्यान?" असं सगळे बाबांना विचारत. बाबा, म्हणजे गुणाजी, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. युनियनच्या ऑफिसात त्यांनी स्कॉलरशिपचं ऐकलं आणि कुणाला न विचारता माझं नाव देऊन आले. आई मी लहान असतानाच गेलेली. बाबांची विधवा बहीण रुक्माआत्या कुडाळहून आली ती मला वाढवायला, आणि मग कायमचीच राहिली. मी निघाले तेव्हा आत्यानं माझ्या बॅगेत कोकमाची सोलं घातली, कुळथाचं पीठ घातलं आणि म्हणाली, "थंय कोण मेला तरी कळाचा नाय आमका." अशा वेळी नेमकं असलंच काहीतरी तिच्या तोंडून निघतं.

तिसरं वर्ष होतं. इकडे गिरण्यांचा संप सुरू झालेला. बाबा साकीनाक्यातल्याच एका गाळ्यात लेथवर हाताखाली काम करायला लागले होते. पत्रात एवढंच असायचं की सगळा बरा आसा, तू अभ्यास कर. तो अख्खा हिवाळा मी त्या दोन ओळींमध्ये न लिहिलेलं वाचत काढला. पावाचा तुकडा मोडताना वाटायचं, तिकडे चूल पेटली असेल ना.

आणि मग जून आला. किएवमध्ये जूनच्या सुरुवातीला पॉप्लरच्या झाडांचा कापूस उडतो. रस्त्यावर, खिडकीत, सूपच्या वाडग्यात, सगळीकडे तरंगत असतो. बाबा गिरणीतून आले की त्यांच्या केसांत असायचा तसा. माझ्या खोलीत ओक्साना नावाची मुलगी होती, खेड्यातली, रुंद खांद्याची, हसली की खाट हलायची. नलू तिच्या तोंडी बसेना, म्हणून ती मला नाल्या म्हणायची. आमच्याकडे नाल्या म्हणजे काय ते मी तिला कधी सांगितलं नाही.

"नाल्या, ऊठ. नदीवर जायचं."

"सोमवारी पेपर आहे."

"पेपर सोमवारीच आहे ना? नदी आज आहे."

खोलीतल्या आम्ही चौघीजणी गेलो. मेट्रो नदीवरच्या पुलावर येते आणि एकदम सगळा डबा उजेडानं भरतो. मधल्या बेटावर वाळू, आणि वाळूवर अख्खं शहर उघडं पडलेलं. म्हातारे, बाया, पोरं, कुणाला कशाची लाज नाही. मी सलवार-कमीजमध्ये.

"तू समुद्राच्या गावची ना? मग पोहायला येतच असेल," ओक्साना म्हणाली.

समुद्र होता, पण बाबांनी मला गुडघ्याच्या वर पाणी कधी येऊ दिलं नव्हतं. एकुलती एक. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर ते माझं मनगट धरून उभे राहायचे आणि लाट आली की मलाच मागे ओढायचे. हे मी रशियनमध्ये सांगायला लागले, तोवर ओक्सानानं मला पाण्यात ढकललं होतं. सलवारीत हवा भरली. दोन पायांचे दोन फुगे वर आले आणि मी मध्ये. काठावरचे म्हातारे पत्ते खेळायचे थांबले. ओक्साना हसून हसून पाण्यात बसली. मग तिनं तिचा निळा जुना पोहण्याचा पोशाख मला दिला आणि मी तो झुडपामागे जाऊन घातला. आज लिहिताना मागे वळून बघितलं, आत्या झोपलीय ना म्हणून.

पाणी थंड होतं, पण बोचरं नव्हतं. ओक्सानानं माझ्या पाठीखाली हात ठेवला. मान सोड म्हणाली. मी मान सोडली की पाय घट्ट व्हायचे, पाय सोडले की मान. "तू काय दगड आहेस?" तिनं विचारलं. मग केव्हातरी दोन्ही सुटलं. कान पाण्याखाली गेले आणि सगळा गलका बंद झाला. वर आभाळ, त्यात तो कापूस. मी हळूहळू वाहत होते. तिचा हात पाठीखाली आहे असंच मला वाटत होतं, आणि मान जराशी वळवून बघते तर ती काठावर, स्ट्रॉबेरी खात बसलेली.

मी घाबरले नाही. त्याचं मला आजही नवल वाटतं. मी पुन्हा मान टाकली. तेव्हा मनात आलं ते जसंच्या तसं लिहिते. वाटलं, आत्ता मी कुणाची मुलगी नाही, कुणाची भाची नाही. कुणी माझं मनगट धरलेलं नाही. किती बरं आहे.

मग काय, सगळी लाजच गेली. मी त्यांना फुगडी शिकवली. ओल्या वाळूत, पोहण्याच्या कपड्यांत, ओक्सानाचे ते मोठाले हात धरून. ती अशी काही फिरायची की माझे पाय जमिनीवरून सुटायचे. शेवटी दोघी आपटलो आणि पडल्या पडल्याच हसत राहिलो. पिवळ्या टाकीच्या गाडीवरून पावाचं आंबूस सरबत प्यायलो. मी वर्गातल्या बाईसारखी त्यात खमीर किती ते सांगायला लागले, तर तिघींनी मिळून माझ्या डोक्यावर ओतलं. येताना मेट्रोत आम्ही अनवाणी होतो. चपला हातात, केसांत वाळू. आयुष्यात इतकं हलकं मला आधी कधी वाटलं नव्हतं. पुढंही नाही.

हॉस्टेलच्या दाराशी वाल्यामावशी बसायची. म्हातारी, कडक. पायाला जराशी माती दिसली तरी मुलींना बाहेरच उभं करून झाडू हातात द्यायची. आम्ही हसतच आत शिरलो. तिनं माझ्या वाळूनं भरलेल्या पायांकडे पाहिलं. नजर वर नेऊन माझ्या तोंडाकडे पाहिलं. झाडू कोपऱ्यातच राहिला. तिनं टेबलाच्या खणातून तार काढून दिली.

फादर एक्स्पायर्ड. स्टार्ट इमिजिएटली.

मी ती ओक्सानाला वाचून दाखवली. इंग्रजी मला येत होतं, पण मला वाटलं, तिला येत नाही तर तिच्याकडून वेगळा अर्थ निघेल.

पुढचं तुकड्यातुकड्यानं आठवतं. परीक्षा पुढे ढकलायला मास्तरांनी लिहून दिलेलं, कॉलेजनं केलेली तिकिटाची सोय, मॉस्कोपर्यंतच्या गाडीत ओक्सानाच्या मांडीवर माझं डोकं. विमानात मी रडले ते आवाज करून. शेजारच्या सरदारजींनी त्यांचा रुमाल दिला, मग त्यांच्या बायकोचा. मला एकच दिसत होतं. मी पाण्यावर पडून म्हटलं होतं, मी कुणाची मुलगी नाही, आणि कुणीतरी ते ऐकलं होतं. त्या विमानात मी किती रडले याला मोजमाप नाही. दहाव्याला तरी पोचू दे, एवढंच मागत होते.

सहार विमानतळाहून साकीनाका म्हणजे रिक्षा धड तापायच्या आत येतो. चाळीच्या तोंडाशी उतरले. कुठं काही रडारड नाही. पोरं गोट्या खेळत होती. मला वाटलं, सगळं उरकलंसुद्धा.

आमच्या दाराबाहेर, मोरीच्या कट्ट्यावर, खिळ्याला आरसा टांगून एक माणूस दाढी करत होता. अर्ध्या तोंडाला फेस. तो वळला. पांढऱ्या फेसातून बाबांचे डोळे माझ्याकडे बघत होते.

मी किंचाळले नाही. माझ्या हातातली बॅगही पडली नाही. मी तशीच उभी, आणि तेही तसेच, वस्तरा हवेत. दोघांपैकी जास्त कोण हादरलं होतं ते आजही सांगता येणार नाही. कारण त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं, की रशियात असलेली पोर रडून सुजलेल्या तोंडानं दारात उभी आहे.

"काय झालां गो?" ते हळूच म्हणाले. "कोणी काय केल्यान तुका?"

आतून आत्या आली. मला बघून तिनं कपाळावर हात मारला. "अगो, तू इलंस कशाक? माका वाटलां, थंयच रडशीत नि गप ऱ्हवशीत."

मग हळूहळू उलगडलं. बाबा सकाळी तोंड धूत असताना कावळा त्यांच्या डोक्यावर येऊन बसला. नुसता शिवला नाही, बसला. आत्यानं आपल्या डोळ्यांनी पाहिलं. आमच्याकडे असं झालं की ते मरणाचं बोलावणं समजतात, आणि त्यावरचा उतारा एकच. त्या माणसाच्या रक्ताच्या नात्यातल्या कुणाला तरी तो गेल्याची खोटी खबर द्यायची. ते माणूस खरंखुरं रडलं की मरण फसतं आणि निघून जातं. गावात हे सोपं असतं. लेक पलीकडच्या वाडीत दिलेली असते. एकजण धावत जाऊन सांगतो, ती ऊर बडवते, मागून दुसरा जाऊन खरं सांगतो, आणि संध्याकाळी ती माहेरी जेवायला येते.

"बाबांना रडणारं इथं दुसरं कुणी नव्हतं?" मी विचारलं.

"रक्ताचा होया. तुझ्याशिवाय त्याका कोण आसा?"

"आणि तू? तू बहीण ना त्यांची?"

"माका म्हायत होता ना खोटा ता. माका रडू कसा येतला?"

तार शेजारच्या विद्याधरनं लिहून दिली होती. तो कुठल्याशा ऑफिसात कारकून. आत्यानं त्याला फक्त गेल्याचं लिही म्हणून सांगितलं होतं. स्टार्ट इमिजिएटली त्यानं आपल्या मनानं घातलं. का, तर अशा तारेत ते असतंच. दुसऱ्या दिवशी बाबा सुखरूप असल्याची दुसरी तार त्यानंच केली, ती किएवला पोचली तेव्हा मी मॉस्कोत. हे सगळं चाललं असताना विद्याधर कुठं होता, तर चाळीच्या संडासात. टमरेल घेऊन गेला तो बाहेरच येईना. बाहेर रांग लागली, लोकांनी दार वाजवलं, तरी नाही.

मला राग यायला हवा होता. पण बाबा समोर होते, अर्ध्या दाढीचे. त्यांच्या गालावरचा फेस वाळून भेगाळला होता. मी त्यांचं मनगट धरून बसले ते जेवायची वेळ झाली तरी सोडलं नाही.

मी परत गेले, परीक्षा पुढच्या सत्रात दिली, पदवी घेतली. नदीवर मात्र पुन्हा गेले नाही. ओक्सानानं आग्रह केला, चिडली, मग तिनं सोडून दिलं. दारातून वाल्यामावशीनं माझं नाव पुकारलं की मी जिन्यातच बसायची.

घरात मात्र त्याची गोष्ट झाली. लग्नात, बारशात, गणपतीत, बाबा सुरू करायचे, "मी मेलंय तेवा..." आणि माणसं तेव्हाच हसायला लागायची. उत्तराची तर ती झोपायची गोष्ट. बाबा दाढीचा ब्रश तोंडाला लावून बसायचे, ती दाराबाहेर जाऊन खोटं रडत यायची. "काय झालां गो?" म्हटलं की खिदळत त्यांच्या अंगावर. मग पुन्हा. फेस वाळेपर्यंत.

परवा, म्हणजे गेल्या पंधरवड्यात, रत्नप्रभाबाईंनी गॅलरीतून हाक मारली. फोन त्यांच्याकडे आहे. मी ओव्हनमधून नानकटाई काढत होते, ताट तसंच ठेवून गेले.

"नलूताई, मी विद्याधर. गुणाजीकाका गेले. तुम्ही लगेच निघा."

लगेच निघा. तोच माणूस, तेच शब्द. माझं डोकं असं सणकलं की बस.

"विद्याधर, आत्याला विचार, या खेपेला कावळा डोक्यावर बसला की नाकावर?"

"नलूताई, ऐका तरी..."

"एकदा रशियातून आणलंत, तेवढं पुरे. येते मी, पण रडायला नाही. तिला सांगून ठेव."

फोन ठेवला. रत्नप्रभाबाई बघतच राहिल्या. मी म्हटलं, आमच्याकडे असतं असं. नानकटाई डब्यात भरली, बाबांना गरम आवडते म्हणून वर फडकं गुंडाळलं. उत्तराला फ्रॉक घातला.

"कुठं जायचंय?"

"आजोबांकडे."

"का?"

मी काय म्हटलं ते लिहायला हात उचलत नाही, पण लिहिते. मी म्हटलं, "आजोबा पुन्हा मेलेत."

ती टाळ्या पिटत खाली उतरली. बसमध्ये, मग रिक्षात, तिचं एकच. आजोबा फेस लावून बसले असतील ना, मी आधी रडू का तू आधी रडतेस. मी आत्याला काय काय बोलायचं ते जुळवत होते. चांगलंच जुळवलं होतं. अगदी विहिणीला ऐकवावं तसं.

आमच्या दाराबाहेर चपला होत्या. खूप. बायांनी मला वाट करून दिली आणि कुणी माझ्याकडे बघेना. आरसा खिळ्यावर होता. बाबा आत होते, जमिनीवर, दोन दिवसांची दाढी वाढलेली. मी डबा हातात घेऊन उभी. जुळवलेलं सगळं तोंडात तसंच. आत्या त्यांच्या उशाशी बसली होती. तिनं वर बघितलं आणि एखाद्या पोरीनं शाळेत सांगावं तसं म्हणाली,

"ह्या टायमाक मी काय एक करूक नाय गो. कावळो येवकच नाय. इलो असतो तर मी काय तरी केलंय असतंय."

आणि त्या सगळ्या शांततेत उत्तरा हसत होती. तिला वाटलं, हा गोष्टीतला नवा भाग. ती बाबांच्या पायाशी बसली आणि त्यांचा अंगठा धरून हलवायला लागली. "उठा ना आता. आई आली. उठा." एका बाईनं तिला उचललं, तर ती रागावली, माझा खेळ का मोडला म्हणून. मी तिथंच उभी. कुणीतरी डबा माझ्या हातातून काढून घेतला. तो अजून कोमट होता.

तेव्हापासून मी अशी आहे. आत्याला आम्ही इकडे आणलं. ती माझ्याशी बोलत नाही, मी तिच्याशी नाही. भांडण असंही नाही. आम्ही दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत नाही एवढंच. डॉक्टर म्हणाले, हार्ट, झोपेतच. तरी माझ्या अंगातलं काहीतरी अजून विद्याधरच्या दुसऱ्या तारेची वाट बघतंय. आज नदीचं सगळं लिहून झालं, आभाळ, कापूस, फुगडी. डोळे कोरडेच.

उत्तरा उठली. झोपेनं गरम झालेली, गालावर चटईच्या रेघा. येऊन माझ्या मांडीत शिरली आणि कागदावर बोट फिरवत बसली. तिला वाचता येत नाही. मी तिचे केस मागे केले.

"आई, मागच्या वेळी तू खूप रडलीस म्हणून आजोबा मेले नाहीत ना?"

"कुणी सांगितलं?"

"आत्याआजीनं. आणि आजोबापण सांगायचे." तिनं बोट थांबवलं. "मग या वेळी तू आधीच का नाही रडलीस?"